वाड्याचा चुना आणि महापालिकेची यादी

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात बाजीराव रस्त्यानं जाताना विश्रामबागवाड्यासमोर दोन मिनिटं थांबा आणि वर बघा. सज्जाचे ते लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेत, म्हणूनच त्यांना सुरूदार खांब म्हणतात. कोरीव कामात केळफुलं आहेत. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७ च्या सुमारास बांधलेला हा वाडा. पुढे १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत वाड्याची पूर्वेची बाजू जळाली, ती पुणेकरांच्या वर्गणीतून परत उभी राहिली. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, पण विश्रामबागवाडा मात्र आपल्या महापालिकेचा. म्हणजे त्याचं छप्पर गळलं तर जाब आपल्या नगरसेवकाला विचारायचा.

मुंबईनं १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, तेव्हा देशातल्या कुठल्याच शहरात तसं काही नव्हतं. इमारतींची यादी झाली, श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीतल्या इमारतीला जवळजवळ हात लावायचा नाही, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक. वारसा समिती सल्ला देते, निर्णय आयुक्तांचा. मालकाला वाढीव बांधकाम करता आलं नाही, तर तो हक्क टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणून विकता येतो.

महापालिकेनं मनावर घेतलं की काय होतं, ते भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन बघा. १८७२ मध्ये सुरू झालेली ती वास्तू पार अवकळेला गेली होती. महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिची दुरुस्ती केली. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

पण श्रोतेहो, खाजगी वाड्यांचं काय? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या वाड्यात पावसाळ्यात भिंतीला ओल यायची. गवंड्यानं सिमेंटचा गिलावा मारून दिला. वर्ष दोन वर्षं भिंत छान दिसली, मग आतून चुना भुसभुशीत होऊन गिलाव्याचे पापुद्रे सुटायला लागले. जुनी भिंत चुन्याची, ती ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिची वाटच बंद झाली. चुना घाणीत, म्हणजे चुना मळायच्या दगडी चक्कीत, मळून घेणारा, हात बसलेला गवंडी शोधायचा तर वेळ लागतो आणि पैसाही. भाडेकरू जुने, भाडं नावापुरतं. त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या, "पाडू नका म्हणून सांगायला सगळे येतात रे, कौलं चाळायला कुणी येत नाही."

मला त्यांचं म्हणणं पटतं. यादीत नाव घालणं हे काम अर्धंच आहे. महापालिकेनं स्वतःच्या वास्तूंसाठी जसे जाणकार वास्तुविशारद आणि कारागीर नेमले, तसा सल्ला वाड्याच्या मालकालाही मोफत मिळायला हवा. दुरुस्तीला अनुदान हवं, मिळकत करात सवलत हवी. मुख्य म्हणजे परवानगी पावसाळ्याआधी मिळायला हवी. दिवाळीत मिळालेली परवानगी भिजलेल्या तुळईच्या काय कामाची?

वारसा यादीचा मसुदा प्रसिद्ध झाला की महापालिका हरकती आणि सूचना मागवते. जाहिरात वर्तमानपत्रात येते, मुदत ठरलेली असते. तुमच्या आळीतला वाडा, पेठेतलं देऊळ, चौकातली जुनी पाणपोई त्यात आहे का ते बघा. नसेल तर साध्या कागदावर अर्ज लिहा, सोबत फोटो जोडा, आवक कक्षात द्या आणि पोच घ्या. वाडा तुमचा स्वतःचा असेल, तर त्याच अर्जात दुरुस्तीला काय मदत हवी तेही लिहा.

नमस्कार.