घरातलं नेमकं कोण बोलणार?

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर लागला, अधिवेशन नागपुरात आलं, की सकाळच्या तर्री-पोह्यांपासून एकच विषय: मुख्यमंत्री कसे, विरोधी पक्षनेते कसे. आणि अशातच फोन वाजतो, "दोन मिनिटं द्याल का? राज्यातल्या नेत्यांबद्दल तुमचं मत हवं होतं."

लँडलाइनच्या काळात जनमत चाचणीचे असे फोन मी स्वतः लावले आहेत. आम्हाला एक नियम पक्का शिकवला होता. जो फोन उचलेल त्याला विचारायचं नाही. घरात १८ वर्षांवरच्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्याला विचारायचं.

एकदा नागपूरच्या महाल भागातल्या एका घरी फोन लागला. मुलानं उचलला. वाढदिवसाचं विचारलं, तर म्हणाला, "माझाच, जूनमध्ये झाला." मागून म्हातारा आवाज आला, "माहा जन्म मारबतीच्या दिवशीचा!" मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक, होऊन चारच दिवस झाले होते. म्हणजे नंबर आजींचा.

मारबतीचं निघालंच आहे तर सांगतो, बडग्यांवरच्या, म्हणजे त्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचत जा. पुढाऱ्यांबद्दल नागपूरकराच्या मनात काय आहे, ते इतकं स्वच्छ लिहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. पोरांना खांद्यावर बसवून दाखवावी अशी ती मिरवणूक आहे.

तर मुलगा म्हणाला, "तिला काय समजते, मीच सांगतो." पण आजींनी फोन घेतलाच. मुख्यमंत्री म्हणून कोण पसंत, असं विचारून मी पाच नावं वाचली.

"थांब बापू. शेवटचंच ध्यानात राह्यलं. पह्यल्यापासून सांग. हळू सांग."

मी पुन्हा वाचली. मागून मुलगा एक नाव ओरडला.

"तुले इचारलं का रे?"

तिसऱ्यांदा वाचली. फोनची वायर फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, दार लागलं, आणि आजींनी अगदी हळू आवाजात एक नाव सांगितलं. कोणतं, ते मी सांगणार नाही.

फोनवर शेवटचं नाव लक्षात राहतं. म्हणूनच चांगल्या चाचणीत नावांचा क्रम दर फोनला बदलतात. आणि पुन्हा सांगतो, जो उचलेल त्याचं मत म्हणजे घराचं मत नव्हे.

अमेरिकेत १९३६ साली एका साप्ताहिकानं टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निवडणुकीत पडणार. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार असलेली घरं खाऊनपिऊन सुखी होती, आणि रूझवेल्टवर रागावलेले लोक उत्तर पाठवायला जास्त उत्सुक होते.

माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली तर १००० पुरतात, चूक ३ टक्क्यांच्या आसपास राहते. मात्र राज्यातून १००० घेतले, तर लोकसंख्येप्रमाणे नागपूर जिल्ह्याच्या वाट्याला येतात जेमतेम ४०. त्या ४० जणांवरून 'नागपूरकरांचा कौल' सांगू नये. तिथं चूक १५ टक्क्यांपर्यंत जाते.

आता मोबाइल आले. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता सुमारे ५४ टक्क्यांकडेच. उरलेल्यांचं मत कोण विचारणार?

तेव्हा असा फोन आला आणि घरातल्या बाईंना मागितलं, तर फोन त्यांच्या हाती द्या आणि खोलीबाहेर जा. चाचणी कोण करतंय ते आधी विचारा. आणि ओटीपी मागितला, तर लगेच फोन ठेवा. मत सांगायला ओटीपी लागत नाही.

नमस्कार.