बटण दाबल्यानंतरचे काही सेकंद

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर लॉगिनची चौकट उमटेपर्यंतचा वेळ आपण नुसता वाट पाहण्यात घालवतो. यंत्राच्या आत मात्र तेवढ्यात जे घडते, ते त्याच्या पुढच्या दिवसभराच्या कामाहून मला अधिक विलक्षण वाटते.

वीजपुरवठा स्थिर झाला की एक्स८६ घराण्यातला (इंटेल-एएमडीच्या प्रकारचा) प्रोसेसर आपली पहिली आज्ञा मेमरीच्या पत्त्यांतल्या ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडून उचलतो. त्या पत्त्यावर रॅम नसते, तर मदरबोर्डवरच्या चिपमधले फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, असतो. १६ बाइटांत काय मावणार? म्हणून तिथे मुख्यतः दुसरीकडे उडी मारण्याची आज्ञा असते. आजचा प्रोसेसरही या क्षणी १९७८ सालच्या ८०८६ प्रमाणे १६ बिटांच्या रीतीने वागतो. रॅम बसवलेली असते, पण तिचा नियंत्रक अजून जुळवलेला नसल्यामुळे ती वापरता येत नाही. आणि ही जुळवणी करणाऱ्या प्रोग्रामला स्वतःचे आकडे ठेवायला जागा तर हवीच असते. या पेचातून सुटण्यासाठी फर्मवेअर प्रोसेसरमधल्या कॅशेलाच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीलाच, तात्पुरती रॅम म्हणून वापरते. संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी ही एक आहे, असे मी मानतो.

बायोस या जुन्या फर्मवेअरच्या पद्धतीत यानंतर डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर (तुकडा) वाचला जाई आणि त्यातले जेमतेम ४४६ बाइट बूटलोडरच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रामच्या, वाट्याला येत. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय फर्मवेअरला डिस्कवरच्या फॅट या फाइलव्यवस्थेच्या विभागातली फाइल थेट वाचता येते, त्यामुळे ती ओढाताण संपली.

बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, मेमरीत आणून त्याच्या हाती सूत्रे देतो. लिनक्सचा कर्नल आधी स्वतःचे संकुचित रूप उलगडतो, मग पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) आणि इंटरप्टचा (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेतांचा) तक्ता मांडतो. हे सारे प्रोसेसरचा एकच कोअर (गणना करणारा भाग) करत असतो आणि बाकीचे कोअर त्याचा संकेत मिळेपर्यंत थांबलेले असतात. पुढे आणखी एक पेच उभा राहतो: डिस्क वाचण्यासाठी लागणारा ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा प्रोग्राम) पुष्कळदा त्याच डिस्कवर असतो. म्हणून बूटलोडरने कर्नलबरोबरच इनिटरॅमएफएस नावाची छोटी फाइलव्यवस्था मेमरीत आणून ठेवलेली असते. आवश्यक ड्रायव्हर तिच्यातून घेतल्यावरच खरी मूळ फाइलव्यवस्था जोडली जाते.

त्यानंतर कर्नल क्रमांक १ च्या प्रक्रियेला इनिट, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, चालवायला लावतो. लिनक्सच्या अनेक वितरणांत (तयार आवृत्त्यांत) तो सिस्टमडी नावाचा असतो. लॉगिनच्या चौकटीपर्यंतच्या सगळ्या सेवा या पहिल्या प्रक्रियेतूनच सुरू होतात, आणि ती प्रक्रिया मध्येच संपली, तर कर्नल पॅनिक (सावरता न येणारी चूक) होऊन संपूर्ण यंत्रणा थांबते.