'साइड्स' एवढंच लिहिलंय

मंडळी, आज एकच नाच नीट बघू या. 'गॅदरिंग पीसकॉड्स', म्हणजे मटाराच्या शेंगा खुडणं. जॉन प्लेफर्डने १६५१ साली लंडनमध्ये 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' छापलं, त्यातल्या १०५ नाचांपैकी हा एक. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद होऊन दोन वर्षं झालेली, राज्य प्युरिटनांचं, म्हणजे नाचगाण्याला नाक मुरडणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांचं. तरी नाचाचं पुस्तक खपलं आणि पुढे कित्येक दशकं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या!

जोड्या गोलात उभ्या. आधी सगळे मिळून फिरतात. मग फक्त पुरुष आत कडं करून फिरतात आणि जागेवर येतात, त्यानंतर बायका. आणि आता गंमत बघा. पुरुष मध्यात धावून टाळी वाजवतात. ते मागे सरत असतानाच बायका आत शिरून टाळी वाजवतात. त्या मागे येतात तोवर पुरुष पुन्हा आत, आणि स्वतःभोवती गिरकी घेत जागेवर. मग हाच खेळ बायकांपासून. चालीचा तुकडा संपतो तिथेच पाऊल पोचतं. मोजायची गरज पडत नाही, कान सांगतो.

या पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतल्या काही नाचांच्या चाली पुस्तकाहून बऱ्याच जुन्या आहेत. 'सेलेंजर्स राउंड' घ्या. त्या चालीवर विल्यम बर्डने व्हर्जिनल या कळपट्टीच्या वाद्यासाठी नऊ रूपं रचली, आणि ती १५९१च्या एका हस्तलिखितात आहेत. गोलात नाचायची चाल राणी एलिझाबेथच्या काळातच दिवाणखान्यात पोचली होती.

प्लेफर्ड मात्र नुसती सुरावट देतो. खालचे सूर नाहीत, साथ नाही. स्वरलिपीत छापलेल्या बंदिशीसारखंच हे. बाकीचं वाजवणाऱ्याने भरायचं. आणि नाचणाऱ्यानेही. कारण दुसऱ्या कडव्याला सूचना काय, तर 'साइड्स'. झालं! त्या काळच्या माणसाला पुढे सांगायची गरजच नव्हती.

अडीचशे वर्षांनी लोकगीतं आणि लोकनृत्यं गोळा करणारे इंग्रज अभ्यासक सेसिल शार्प हे नाच पुन्हा उभे करायला बसले, तेव्हा तो माणूस विचारायला उरला नव्हता. शार्पनी आपल्या अंदाजाने ठरवलं की जोडीदारांनी वळण घेत एकमेकांच्या जागी जायचं आणि तसंच परतायचं. १९११ साली त्यांनी इंग्लिश फोक डान्स सोसायटी काढली आणि ही रीत सगळीकडे पसरली. नंतरच्या अभ्यासकांनी वेगळं वाचन मांडलं: उजव्या खांद्याजवळ खांदा येईल इतकं पुढे जायचं, मागे यायचं, मग डाव्या बाजूने तेच. मला हे दुसरं वाचन जास्त पटतं, ते जुन्या मजकुराला धरून आहे. तरी शार्पची रीत मी सोडणार नाही. इतक्या पिढ्या ती नाचल्या आहेत, आणि त्या वळणात चाल फार सुंदर वाहते. फक्त एकाच जोडीत दोघांनी दोन रीती धरल्या, तर टक्कर ठरलेली! म्हणून नाच सांगणारा कॉलर संगीत सुरू होण्याआधीच बजावून ठेवतो, आज सायडिंग कुठलं ते.