हमरस्त्यावरचा फलक

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च १९६५. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात सेल्माहून माँटगोमेरीकडे ८७ किलोमीटरची पदयात्रा निघाली होती. मागणी कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काची. वाटेत एक भलामोठा फलक होता. त्यावर फोटो: दाटीवाटीनं बसलेली माणसं, पुढच्या रांगेत मार्टिन ल्यूथर किंग, त्यांच्यावर रोखलेला बाण. अक्षरं ठळक: ‘मार्टिन ल्यूथर किंग, कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत’. १९५९ साली आपल्या मुंबईत मणिभवनात उतरलेले, तेच हे किंग.

फोटो खरा होता, म्हणूनच तो इतका घातक ठरला. १९५७ च्या सप्टेंबरात टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेला २५ वर्षं झाली, त्या समारंभात किंग भाषणाला गेले होते. फोटो काढणाऱ्याला जॉर्जिया राज्याच्या एका सरकारी आयोगानं गुपचूप पाठवलं होतं. शाळांमध्ये गोरे-काळे वेगळेच राहावेत, यासाठी झटणारा आयोग! पाहुण्यांत कम्युनिस्ट वृत्तपत्राचा एक लेखकही होता. तो फोटोत आला आणि तेवढ्यावर सगळ्या शाळेवर शिक्का बसला.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ही शाळा शिकवत काय होती? दक्षिण कॅरोलिनात मतदार व्हायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. हायलँडरच्या सेप्टिमा क्लार्क यांनी तिथल्या जॉन्स बेटावर प्रौढांसाठी वर्ग सुरू केला. पुढे किराणा दुकान, मागच्या खोलीत वर्ग. गोऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून. शिकवायला बर्नीस रॉबिन्सन, व्यवसायानं केशरचना करणाऱ्या. दिवसभर राबून आलेली माणसं तिथे स्वतःचं नाव गिरवायची, मनीऑर्डरचा फॉर्म भरायला शिकायची. ज्या हातांनी अंगठाच उठवला होता, ते हात सही करू लागले. फलकावर याला ‘कम्युनिस्ट प्रशिक्षण’ म्हटलं होतं. भरधाव मोटारीतून जाणाऱ्यानं ते वाचायचं आणि पुढे जायचं. थांबून विचारायचं कुणाला?

१९६१ मध्ये टेनेसीनं शाळेची सनद रद्द केली, जागा जप्त केली. शाळा नव्या नावानं नॉक्सव्हिलला उभी राहिली. फलक मात्र १९६५ मध्येही तोच जुना फोटो मिरवत होता.

पदयात्रा त्याच्यासमोरून पुढे गेली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि अलाबामा, दक्षिण कॅरोलिनासारख्या राज्यांतल्या त्या वाचनाच्या परीक्षा थांबल्या.