टॅब दिला, पुढे काय?

(साक्षरता वर्ग चालवणाऱ्या समन्वयकांसमोर मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्वयंसेवक शिक्षकांना तंत्रज्ञानासाठी तीन महिन्यांची साथ’. त्या तीन महिन्यांकडे मी येणारच आहे. पण आधी एका बोटाबद्दल बोलायचंय, कारण ते बोट समजलं नाही तर तीन महिने वाया जातात.

ते बोट आहे चार घरची धुणीभांडी करून रात्री वर्गाला शिकायला येणाऱ्या मावशींचं. टॅबचा पडदा जोराने चालत नाही. बोट टेकलं की तिथल्या विद्युतभारात जो बारीक फरक पडतो, तो पडदा ओळखतो. साबणाच्या पाण्याने आणि घासणीने मावशींच्या बोटाची कातडी जाड, कोरडी झालेली असते, त्यामुळे तो फरक पडद्याला नीट कळत नाही. मावशी हलकेच टेकवतात, काही होत नाही. मग जोर लावतात. जोर लावला की बोट पसरतं, जास्त जागा टेकते आणि पडद्याला ते कळतं. पण तोवर साधारण अर्धा सेकंद गेलेला असतो, आणि इतका वेळ टेकलेल्या बोटाला टॅब ‘दाबून धरलं’ असं समजतो. चित्र थरथरायला लागतं, भलताच मेनू उघडतो, कधी ॲप जागचं हलतं. मावशी हात मागे घेतात. “माझ्याकडून बिघडलं का ओ, ताई?”

त्या क्षणी शिकवणाऱ्या ताई काय करतात? टॅब आपल्याकडे ओढतात, दोन टिचक्यांत पडदा पूर्ववत करतात आणि परत देतात. ताईंची यात चूक नाही, वर्गात आणखी बाराजणी बसलेल्या असतात. पण मावशींच्या मनात पक्कं बसतं, की हे ताईंचं यंत्र आहे. पुढच्या वेळी त्या हात मांडीवर ठेवून बसतात.

ताईंना प्रशिक्षणात यातलं काहीच सांगितलेलं नसतं. प्रशिक्षण म्हणजे एक दिवस, थंडगार सभागृह, मोठा पडदा, सत्तर स्लाइड आणि शेवटी प्रमाणपत्र. सगळा वेळ ॲप कसं उतरवायचं यात जातो. ताई परत येतात त्या समाजमंदिराच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे रात्री आठला पंखा गरगरतोय, बाहेर कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या आहेत आणि एकच प्लग आहे, तोही दाराच्या मागे. आपल्या क्षेत्रातलं हे माझं सगळ्यात जुनं गाऱ्हाणं आहे. वस्तू आधी येते, प्लग कुठे आहे हे नंतर विचारलं जातं.

बोटाकडे परत येऊ. उपाय साधे आहेत. पिशवीत एक ओलसर फडकं ठेवा, बोट त्याला पुसून मग पडद्याला लावायला सांगा. अनामिका कमी घासलेली असते, तिने करून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ असं कलम असतं, कंपनीनुसार जागा बदलते. तिथे बोट किती वेळ टेकलं म्हणजे ‘दाबून धरलं’ समजायचं, तो काळ वाढवता येतो. सगळ्यात लांबचा निवडा. पडद्यावर जाड काच चिकटवली असेल आणि फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असेल, तर तीही चालू करा.

पण खरा गुन्हेगार आपल्या तोंडात आहे. आपण म्हणतो, “मावशी, इथे दाबा.” त्या दाबतात! आयुष्यभर कणीक दाबली, पिळे दाबले, त्या दाबणारच. ‘दाबा’ हा शब्द वर्गातून काढून टाका. त्याऐवजी विचारा, “तवा तापलाय का हे बघायला बोट कसं लावता?” आता सगळ्यांनी हात वर करून दाखवा बघू. हां, बघा, या सभागृहातला प्रत्येक हात बरोबर हलला. टेकवलं आणि उचललं. हे मावशींना तुमच्यापेक्षा चांगलं येतं, फक्त तेच हे आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

आणि चष्मा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होत जातं. ‘अक्षर ओळखत नाहीत’ असा शेरा लिहिण्याआधी तेच अक्षर फळ्यावर वीतभर काढून दाखवा. तिथे ओळखलं तर अडचण डोळ्यांची आहे. नेत्रतपासणीची व्यवस्था करा, टॅबवरचा मजकूर मोठा करा.

आता ‘ल’ आणि ‘श’. हा विषय मला फार जवळचा आहे. आपल्या वाचनपाठात ‘ल’ मराठी वळणाचा असतो, ‘श’ मराठी वळणाचा असतो. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दलचा निर्णय काढला, त्यात ही वळणं ठरवून दिली आहेत. पण संगणकावरचे आणि फोनवरचे बरेच देवनागरी फॉन्ट आपणहून हिंदी वळण दाखवतात. तुम्हाआम्हाला फरक जाणवतही नाही, कारण आपण शब्द वाचतो. नवसाक्षर माणूस अक्षराचा आकार वाचतो. काल वहीत गिरवलेला ‘ल’ आज पडद्यावर दुसराच दिसतो, आणि ‘शाळा’, ‘लसूण’ असे पाठ झालेले शब्द अडतात. ताईंना वाटतं, मावशी विसरल्या. त्या विसरलेल्या नसतात. म्हणून चित्रपट्टी किंवा स्लाइड करताना मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडा, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे वळण आपोआप बदलतं. नसेल तर मराठी वळणाचाच फॉन्ट घ्या. शेवटी फाइल चित्र म्हणून किंवा पीडीएफ म्हणून जतन करा, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर अक्षर बदलणार नाही. जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसरीकडे उघडलं की पडद्यावर नुसता कचरा दिसतो, हे इथे अनेकांनी भोगलेलं आहे.

बोलून टाइप करण्याची सोयही अशीच दुधारी आहे. मावशी बोलतात, “आज नळाला पाणी उशिरा आलं”, आणि त्यांचंच वाक्य पडद्यावर उमटतं. वाचायला शिकण्यासाठी स्वतःच्या वाक्याइतका चांगला धडा नाही. पण घरात मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या बाईचं बोलणं यंत्र भलतंच लिहितं. तेव्हा ताईंनी लगेच म्हणायचं, “यंत्राला कळलं नाही, तुमचं बरोबर आहे,” आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं राहिली. तर ते तीन महिने.

पहिले दोन आठवडे साथीदाराने, म्हणजे ताईंना यंत्रासाठी मदत करणाऱ्या माणसाने, प्रत्येक वर्गाला पंधरा मिनिटं आधी जायचं आणि मग मागे सतरंजीवर बसायचं. यंत्राला हात लावायचा नाही, ताईंच्या हातूनच करून घ्यायचं. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा जायचं. दुसऱ्या महिन्यात पंधरवड्यातून एकदा, आणि बाकी दिवशी वर्गाच्या आधीची पंधरा मिनिटं आणि नंतरची पंधरा मिनिटं फोन उचलायचा. तिसऱ्या महिन्यात फक्त फोन. मदत हवी असते ती आठ वाजता, सकाळी अकराला कार्यालयात फोन उचलून ताईंना उपयोग नाही.

पंधरवड्याला एकच कौशल्य. आधी व्हॉट्सॲपवर चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप, तोच गृहपाठ. मग पेनड्राइव्हवरून टीव्हीवर व्हिडिओ. फोनवरून टीव्हीला चित्र पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. स्वस्त फोनमधून केबलने चित्र बहुधा बाहेर येत नाही, आणि वायफायवर भरवसा ठेवून वर्ग चालत नाही. पेनड्राइव्ह टीव्ही वाचेल अशा, म्हणजे फॅट-बत्तीस (FAT32) पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं तर व्हिडिओ एच-२६५ या नव्या साठवण-पद्धतीचा असण्याची शक्यता असते. एच-२६४ करून घ्या, जुने टीव्हीही तो चालवतात. मग बोलून टाइप करणं. शेवटी पैशांचे व्यवहार, पण वर्गात कोणाचाही खरा पिन घ्यायचा नाही, कागदावर आकड्यांची पाटी काढून सराव. एक वाक्य घोटून घ्या, पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला कधीच लागत नाही.

दिवसाच्या वर्गात, उजेडाच्या खोलीत, प्रोजेक्टरपेक्षा ४३ इंची टीव्ही बरा. खालची कड जमिनीपासून निदान एक मीटर वर हवी, नाहीतर पुढच्या डोक्यांमुळे मागच्यांना दिसत नाही. चार मीटरवर बसणाऱ्या नवसाक्षराला चार सेंटिमीटर उंचीचं अक्षर हवं. म्हणजे एका ओळीत तीनचार शब्द, बास.

आणि कागद सोडू नका. केंद्र सरकारच्या उल्लास या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०, आणि ती कागदावर पेनाने द्यायची असते. काचेवर बोटाने गिरवून मनगट तयार होत नाही. रोज निम्मा वेळ वही.

१९११ मध्ये कामगार नेते ना. म. जोशींनी याच शहरात सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. रात्री दमून आलेल्या माणसाचं एक मिनिटसुद्धा वाया घालवायची नाही, हे तेव्हाही खरं होतं. म्हणून नियम करा, यंत्र तीन मिनिटांत सुरू झालं नाही तर खडू उचलायचा, आणि तोच धडा खडूने घ्यायची तयारी ताईंकडे आधीच असली पाहिजे. ताईंचा डेटा रिचार्ज आणि बसभाडं संस्थेने द्यायचं, यावर चर्चा नको.

शेवटचं. कपाटाच्या किल्लीला दोऱ्याने एक शंभरपानी वही बांधा. तारीख, काय चाललं नाही, काय केलं, इतकंच लिहायचं. साथीदाराने येताना पहिल्यांदा ती वही उघडायची.