रबाळ्याचा रंग, रणगाड्यासाठी

[संध्याकाळ. थर्मल कॅमेऱ्यातून रस्ता]

हा रोजचाच ठाणे-बेलापूर रस्ता. ट्रकचे नंबर वाचता येत नाहीत, पण सायलेन्सर, बॉनेट, टायर पांढरेफटक दिसतात. अंधार पडला तरी फरक नाही.

आता ट्रकच्या जागी टी-९० रणगाडा धरा. १००० हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि डाव्या अंगाने बाहेर पडणारा गरम धूर.

[कारखाना. हीटरवर प्लेट]

रबाळे एमआयडीसीतला रंगाचा छोटा कारखाना. प्लेटच्या अर्ध्या भागावर साधा हिरवा रंग, अर्ध्यावर इथेच बनवलेला. तापमान मोजणारा थर्मोकपल दोन्हीकडे ६० अंश दाखवतोय. कॅमेऱ्यात मात्र एक बाजू लख्ख, दुसरी बरीच गडद.

गरम वस्तू या कॅमेऱ्याला दिसते ती तिच्यातून निघणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांमुळे. साधा रंग हे किरण भरभरून सोडतो, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फार थोडे. म्हणून या रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक, चपट्या पापड्या घातल्यात.

[ढवळणारे हात, जवळून]

किती सावकाश ढवळतायत बघा. जोरात फिरवलं की पापडी मोडते, वाकते, मग पत्र्यावर सपाट बसत नाही. नुसतं अ‍ॅल्युमिनियम उन्हात चमकेल, म्हणून हिरवा रंग हवाच, पण तो अवरक्त किरण न शोषणारा. त्यात हा कॅमेरा बघतो त्या ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या किरणांना बहुतेक रेझिन, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, स्वतःच शोषतं. थर जरा जाड झाला की मेहनत पाण्यात. रंगाचा दाटपणा बघायला फोर्ड कपातून, म्हणजे तळाला भोक असलेल्या कपातून, तो गळायला लागणारे सेकंद दर वेळी मोजतात, ते यासाठी.

आणि फार गडद दिसूनही चालत नाही. तापलेल्या वाळूवर काळा डाग तितकाच उठून दिसतो. रणगाडा आसपासच्या जमिनीत मिसळला पाहिजे, म्हणून वेगवेगळ्या मिश्रणांचे पट्टे. इंजिनापाशी रंग पुरत नाही, तिथे इन्सुलेशन लागतं, धुरात थंड हवा मिसळावी लागते.

आपलं रणगाडाविरोधी 'नाग' क्षेपणास्त्र उष्णतेच्या प्रतिमेवरूनच लक्ष्य धरतं. अशी क्षेपणास्त्रं इतर देशांकडेही आहेत, आणि टी-९० मध्ये तीन जवान बसतात.

[धुळीने माखलेली प्लेट]

धूळ बसली की हा रंगही साध्या रंगासारखे किरण सोडू लागतो. त्यावरचा उपाय हीटरवर सापडणार नाही, त्याला वाळवंटातली वाळू आणि ऊन हवं. छद्मावरणावर काम करणारी संरक्षण प्रयोगशाळा जोधपूरला आहे. रबाळ्यासारख्या छोट्या कारखान्यांच्या प्लेटांना तिथल्या उन्हात जागा मिळायला हवी, आणि लवकर मिळायला हवी.