नियम सातवा: एकट्याने जाऊ नका

श्रोतेहो, नमस्कार.

नॉर्वेमध्ये ‘क्विक लुंश’ नावाचं एक चॉकलेट मिळतं. डोंगरात निघालेला माणूस ते हमखास खिशात टाकतो. या चॉकलेटच्या वेष्टनावर आतल्या बाजूने डोंगरात कसं वागावं याचे नऊ नियम छापलेले असत. १९६७ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत तिथल्या डोंगरांत बऱ्याच जणांचा जीव गेला आणि मग हे नियम घरोघरी पोचवायची मोठी मोहीमच निघाली. त्यातला सातवा नियम अगदी स्पष्ट होता: एकट्याने जाऊ नका. २०१६ साली नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा हा सातवा नियम गळला. त्याच्या जागी आता नकाशा आणि होकायंत्र वापरा असं सांगितलंय. एकट्याने जायचं तर जा, पण कुठे जाताय ते सांगून जा, आपल्या कुवतीप्रमाणे वाट निवडा, असा एकूण सूर आहे.

आज मला बोलायचंय ते या जुन्या आणि नव्या नियमाच्या मधल्या जागेबद्दल. घरून एकट्याने निघायचं आणि तिथे पोचल्यावर आपल्यासारख्याच एकेकट्या आलेल्या दहा-बारा जणांबरोबर, एका वाटाड्यासोबत, आठवडाभर चालायचं. युरोपात अशा सहली बऱ्याच निघतात. आपल्याकडे मात्र एकटी बाई किंवा एकटा पुरुष सहलीची चौकशी करायला गेला, की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘आणि बरोबर कोण?’

कुठे जायचं? मी नॉर्वेतल्या हार्डांगर फियॉर्डचं नाव घेईन. बर्गन शहरापासून पूर्वेला, सोरफियॉर्ड नावाच्या त्याच्या एका फाट्यावर लोफ्थुस हे छोटं गाव आहे. गावाभोवती सफरचंदाच्या आणि चेरीच्या बागा, समोर पाणी आणि पाण्यापलीकडे फोल्गेफोन्ना हिमनदीचा पांढरा माथा. संगीतकार एडवर्ड ग्रिग इथे येऊन राहायचा. तो बसून रचना करायचा ती लाकडी खोपटी आजही गावातल्या हॉटेलच्या बागेत आहे.

फियॉर्ड म्हणजे समुद्राचा जमिनीत शिरलेला लांबलचक चिंचोळा फाटा, एवढं आपण शाळेत शिकतो. पण आपल्या कोकणातल्या खाड्यांची कल्पना इथे अजिबात उपयोगाची नाही. हिमयुगात हजारो वर्षं बर्फाच्या प्रचंड नद्या या दऱ्या खरवडत होत्या. आत, डोंगरांत, बर्फाचा थर जाड, म्हणून तिथे खोदाई खोल. समुद्राजवळ येता येता बर्फ पसरून पातळ झाला, त्याची ताकद कमी पडली आणि तिथे उंबरठा शिल्लक राहिला. म्हणून फियॉर्ड मुखाशी उथळ आणि आत खोल असतो. शेजारचा सोग्ने फियॉर्ड दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि आत एके ठिकाणी १३०८ मीटर खोल आहे. पाण्याखाली आहेत तसेच कडे पाण्यावरही उभे आहेत, म्हणजे डोळ्यांना दिसतो तो डोंगराचा फक्त वरचा भाग.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एकच: इथे चढ शून्यापासून सुरू होतो. नॉर्वेतल्या डोंगरांच्या उंचीचे आकडे वाचून आपले ट्रेकर फसतात. हजार मीटर म्हणजे काय, आपली कळसूबाई सोळाशे शेचाळीस, असं म्हणून मोकळे होतात. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच मुळात चांगल्या उंचीवर आहे. लोफ्थुसहून निघालात की बूट जवळजवळ समुद्राच्या पातळीवर असतात आणि नोसी नावाचा कड्यावरचा सज्जा ९५० मीटरवर. तेवढं सगळं आपल्या पायांनी चढायचं.

या वाटेवर ६१६ दगडी पायऱ्या आहेत. बर्गनजवळच्या लीसे मठातल्या भिक्षूंनी त्या तेराव्या शतकात बांधल्या असं मानतात. या भागात फळबागांची विद्या आणली तीही याच भिक्षूंनी, असं गावात सांगतात. याच डोंगरावरून किन्सार्विक ते लोफ्थुस अशी सोळा किलोमीटरची वाट जाते. तिला राणीची वाट म्हणतात, राणी सोनियाच्या नावावरून. ही राणी पक्की डोंगरवेडी. राजा हाराल्ड आणि तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९९३ साली, त्यांनी समारंभ केला तो गायरांगर फियॉर्डवरच्या कड्यावरच्या एका सोडून दिलेल्या शेतघरात. पाहुण्यांचे काय हाल झाले असतील कोण जाणे!

राणीची वाट बहुतेक जण किन्सार्विककडून चालतात, म्हणजे त्या पायऱ्या दिवसाच्या शेवटी, उतरताना येतात. गुडघ्यांचा हिशोब तिथे होतो. काठ्या दोन न्या. एक नेऊन आपण धीट आहोत असं दाखवण्यात काही अर्थ नाही.

आता गटाबद्दल. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वाटाड्या दुसऱ्या दिवसाची वाट सांगतो: किती चढ, कुठे पाणी भरायचं, कुठे ओढा ओलांडायचा, हवामान काय म्हणतंय. सकाळी नाश्त्याच्या वेळी आपला डबा आपणच भरायचा. पाव, चीज, काकडी, कागदात गुंडाळायचं आणि सॅकमध्ये टाकायचं. हॉटेलच्या नाश्त्यातून डबा भरायचे काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात, ते आधी विचारून घ्या.

आणि चालताना? मी गेले होते तेव्हा एका बाईंनी पहिल्याच संध्याकाळी हसत सांगून टाकलं, ‘दुपारच्या जेवणापर्यंत मी बोलत नाही, राग मानू नका.’ कोणी मानलाही नाही. मला हे फार आवडलं. घरच्यांबरोबर गेलं की आपण अखंड कोणाचे तरी कोणीतरी असतो. आई थकली का, मुलं चिडली का, नवऱ्याचं पाऊल घसरलं का. पूर्ण एकटं गेलं तर नकाशा, घड्याळ, ढग, वाट हे सगळं डोक्यात. इथे घरही मागे राहिलेलं आणि नकाशाही दुसऱ्याच्या हातात. डोकं रिकामं होतं ते या दोन्ही गोष्टी एकदम उतरल्यावर.

पण वाटाड्याची खरी किंमत कळते ती तो परत फिरवतो तेव्हा. जुन्या नऊ नियमांतला आठवा नियम २०१६ मध्येही जसाच्या तसा राहिला: वेळेत परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही. नोसीच्या खाली धुकं उतरलं, खडक निसरडे झाले आणि वाटाड्या म्हणाला ‘आज इथून मागे’, तर लाखो रुपये खर्चून आलेल्या माणसाला तो शत्रू वाटतो. वाटू दे. जो वाटाड्या पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे बघून निर्णय बदलतो, त्याच्याबरोबर मी जाणार नाही.

एकटं आणि सोबतीनं यांची एक जुनी गोष्ट आहे. स्टोरे स्कागास्तोल्स्टिंड हे नॉर्वेचं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर, २४०५ मीटर. १८७६ च्या जुलैमध्ये विल्यम सेसिल स्लिंग्सबी हा इंग्रज दोन नॉर्वेजियन सोबत्यांबरोबर त्यावर चढत होता. शेवटचा कडा बघून एमान्युएल मोन आणि कनूट लीके थांबले. स्लिंग्सबी एकटाच वर गेला आणि उतरून पुन्हा त्यांना येऊन मिळाला. नाव त्याचं झालं, पण खाली वाट बघणारे दोघं होते म्हणून तो एकटा जाऊ शकला, असं मी मानते. अठरा वर्षांनी, १८९४ मध्ये, टेरेसे बेर्तो ही त्या शिखरावर पोचणारी पहिली स्त्री ठरली.

या देशात सोबतीची ही व्यवस्था माणसांपुरती नाही. १८६८ पासून तिथली पर्यटक संघटना डोंगरांत वाटा आखते. खडकांवर, दगडांच्या राशींवर लाल रंगात इंग्रजी टी काढलेला दिसतो, तो बघत चालायचं. तिच्या पाचशेहून अधिक लाकडी निवाऱ्यांपैकी कित्येकांत कोणी रखवालदार नसतो. कोठीत डबाबंद अन्न भरलेलं असतं, लागेल ते घ्यायचं, वहीत लिहायचं आणि पैसे भरायचे. आणि १९५७ चा कायदा सांगतो की नांगरलेली, कुंपणातली जमीन सोडून मोकळ्या रानात कोणालाही चालायचा हक्क आहे, जमीन कोणाचीही असो. तंबू ठोकायचा तर घरापासून दीडशे मीटर लांब. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी फार्महाऊसचं कुंपण जुनी वाट अडवतं तेव्हा मला हा कायदा आठवतो.

शाकाहारी श्रोत्यांसाठी: उपाशी राहणार नाही, पण चैनही नाही. पाव, बटाटे, दूधदुभतं आणि तपकिरी चीज. हे चीज म्हणजे दूध फाटल्यावर उरलेलं पाणी आटवून केलेला पदार्थ. चव थेट आपल्या कंदी पेढ्याच्या वळणाची, फक्त जरा खारट. पहिल्या दिवशी नको वाटतं, तिसऱ्या दिवशी मागून घेतो. मेतकूट न्यायला हरकत नाही, ब्रेडवरही बरं लागतं.

पाऊस धरूनच चाला. बर्गनमध्ये वर्षाला साधारण मुंबईइतकाच पडतो, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गन बारा महिने पुरवून वापरतं. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत आणि अंग गारठतं. अंगालगत लोकर, वर पावसाचं जाकीट. जूनच्या मध्यापर्यंत वरच्या वाटांवर बर्फ असतो, म्हणून जूनअखेर ते सप्टेंबरची सुरुवात हा काळ धरा. जूनअखेरीला रात्री अकराच्या सुमारास सूर्य मावळतो, डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या.

राहता राहिला पैसा. नॉर्वे महाग आहे, यात गोड बोलण्यासारखं काही नाही. त्यात एकट्या प्रवाशाला स्वतंत्र खोलीचा जादा आकार लावतात. एका माणसाला एक पलंग लागतो, पण दर दोघांच्या खोलीचा धरतात. फक्त एकट्यांसाठी काढलेल्या सहलींत हा आकार बहुधा मूळ किमतीतच मुरवलेला असतो, तेव्हा ‘जादा आकार नाही’ ही जाहिरात वाचून हुरळू नका, दोन्हीकडची एकूण रक्कम मांडून बघा. गटात जास्तीत जास्त किती जण, रोज किती मीटर चढ आणि एखाद्या दिवशी चालायचं नसेल तर मागे राहता येतं का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. किलोमीटरचे आकडे सगळेच सांगतात, चढाचा आकडा मागून घ्यावा लागतो.

नमस्कार.